ईदगाहच्या शेजारचं मैदान

नाशिकचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला गोदावरी आठवते, कुंभमेळा आठवतो, द्राक्षं आणि कांदे आठवतात. खेळ आठवत नाही. क्रिकेट म्हटलं की मुंबई, कुस्ती म्हटली की कोल्हापूर, बाकी सगळ्यासाठी पुणे, अशी वाटणी लोकांनी केव्हाच करून टाकली आहे. आमच्या शहराला जुना नामांकित क्लब नाही की शोकेसमध्ये मांडायला चषकांची रांग नाही. तरी आमच्या जुन्या नाशकातल्या घरात गेली पंधरा वर्षं विजयांचा एक हिशेब तोंडी चालत आला आहे. कुठला विजय कुठल्या ईदच्या आसपास आला, तेव्हा घरात कोण होतं, कोण अजून जन्मलं नव्हतं, यावरून आम्हाला तारखा लक्षात राहतात.

या हिशेबाची सुरुवात एका जागेपासून करावी लागते. शालिमारवरून निघालं, सीबीएस ओलांडलं आणि त्र्यंबक नाक्याकडे गेलं की शहाजहानी ईदगाह लागते. तिला लागूनच मोठं मैदान आहे. पाटीवर त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटल्याशिवाय कळत नाही. 1909 च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा कान्हेरे अगदी कोवळा तरुण होता. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याचं नाव मैदानाला आहे, गोल्फ मात्र इथं कोणी खेळताना आमच्या तीन पिढ्यांनी पाहिलेलं नाही.

ईदच्या सकाळी अर्धं शहर इकडे लोटतं. नमाज होते, खुतबा होतो, गळाभेटी होतात, आणि मोठी माणसं चपला शोधत असतात तोवर मुलं मैदानाच्या कडेला पोचलेली असतात. नव्या कुर्त्यांना माती लागू नये म्हणून दादी घरून बजावून पाठवते. तिचं कोणी ऐकल्याचं आम्हाला आठवत नाही. अब्बा सांगतात की त्यांच्या लहानपणीही हेच होतं. नमाजेची जागा आणि खेळाची जागा एकमेकींना खेटून असल्यामुळे आमच्या घरातल्या मुलांना दोन्हींची ओळख एकाच बोटाला धरून झाली.

याच मैदानावर रणजीचे सामने होतात. कायमचं मोठं स्टेडियम नाही, म्हणून सामना आला की मांडव पडतात, खुर्च्या येतात, आणि एरवी चालायला येणारे आजी-आजोबा कुरकुरत दुसरा रस्ता धरतात. 2025 च्या जानेवारीत महाराष्ट्र आणि बडोदा यांचा सामना इथं झाला. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात 297 धावा झाल्या, बडोदा 145 वर गारद झाला. मग महाराष्ट्रानं 7 बाद 464 वर डाव सोडला आणि बडोद्याला 177 मध्ये गुंडाळलं. 439 धावांनी विजय! टीव्हीवर सामना पाहणं वेगळं आणि क्षेत्ररक्षकाला हाक मारली तर तो वळून बघेल इतक्या जवळ बसणं वेगळं. आमच्याबरोबरची पोरं ऋतुराज गायकवाडला बघायला आली होती, पण परतताना बोलत होती ती चेंडूच्या आवाजाबद्दल. बॅटवर चेंडू बसतो तेव्हा असा आवाज होतो हे त्यांना मोबाइलनं कधी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्राच्या संघावर प्रेम करायचं तर सबुरी लागते. रणजी करंडक आपण दोनदाच जिंकलो, 1939-40 आणि 1940-41 मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. म्हणजे आमच्या दादीच्याही जन्माआधी. 2014 मध्ये वाटलं होतं की आता आलाच. वानखेडेवर मुंबईला हरवलं, इंदूरला बंगालला हरवलं, केदार जाधवनं त्या मोसमात बाराशेवर धावा केल्या, समद फल्लाह डाव्या हातानं चेंडू आत-बाहेर करत होता. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकनं सात गडी राखून हरवलं. 2019 च्या मार्चमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेची अंतिम फेरी आली. आमच्या नाशिकच्या सत्यजित बच्छावनं आपल्या डावखुऱ्या फिरकीवर त्या स्पर्धेत 20 बळी घेतले, अंतिम सामन्यात नौशाद शेखनं नाबाद 69 धावा केल्या, आणि पुन्हा कर्नाटक! मयंक अगरवाल शेवटपर्यंत उभा राहिला. आमच्याकडे कर्नाटकचं नाव त्या दिवसापासून जरा जपूनच घेतात.

अलीकडे महाराष्ट्र प्रीमियर लीग निघाली आणि ‘ईगल नाशिक टायटन्स’ नावाचा संघ मिळाला. खरं सांगायचं तर हा संघ लिलावातून जमवलेला. त्यातले किती जण नाशकात राहतात हे विचारायला गेलं तर मुलं चिडतात. 2023 मध्ये अर्शीन कुलकर्णीनं पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 ठोकल्या, त्यात तेरा षटकार होते. तेव्हापासून मुलांनी हा संघ आपला मानला. 2024 च्या अंतिम सामन्यात रत्नागिरी जेट्सनं 24 धावांनी हरवलं. रत्नागिरीचा कर्णधार होता अझीम काझी. त्या संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. एका पुतण्याचं म्हणणं, काझी आपला आहे, त्याला जिंकू द्या. दुसरा म्हणाला, “आपला म्हणजे कुठला? आपण नाशिकचे!” अम्मीनं दोघांनाही भांडी आत न्यायला लावली. आमचं मत विचाराल तर दुसऱ्याचं बरोबर होतं, पण पहिल्याचंही वाईट नव्हतं. दोघंही शेवटच्या षटकापर्यंत जागेवरून हलले नाहीत. पुढच्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, बकरी ईदनंतर दोन आठवड्यांनी नाशिकनं रायगड रॉयल्सला हरवून चषक घेतला. आमच्या गल्लीत फटाके वाजले, पण थोडेच. दिवसभर पाऊस होता.

हे झालं क्रिकेटचं. पण आमच्या हिशेबातल्या सर्वांत मोठ्या दोन नोंदी क्रिकेटच्या नाहीत.

खाला मालेगावला दिलेली असल्यामुळे वर्षातून दोन-तीनदा मुंबई-आग्रा रस्त्यानं जाणं होतं. ओझर, पिंपळगाव बसवंतपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. मग वडनेर भैरव मागे पडतं आणि रंग बदलू लागतो. चांदवडच्या डोंगररांगा दिसू लागतात तेव्हा बागा विरळ झालेल्या असतात. राहूडचा घाट उतरलं की मालेगाव जवळ येतं, जिथं यंत्रमाग शुक्रवारी थांबतात आणि पोरं बॅट घेऊन मोकळ्या जागा शोधतात. या रस्त्यावर चांदवड आलं की आमच्या गाडीत कोणीतरी म्हणतंच, “दत्तूचा तालुका.”

दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात त्या भागातला मुलगा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामाला जायचा. 2011 मध्ये वडील गेले, 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला, आणि तिथं पहिल्यांदा त्याच्या हातात वल्हं आलं. चार वर्षांनी, 2016 मध्ये, हा माणूस रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याची नौका वल्हवत होता. तेराव्या क्रमांकावर आला. त्या दिवसांत त्याची आई डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती. आपला मुलगा कुठं गेला आहे हे तिला उमगत नव्हतं.

2018 च्या आशियाई स्पर्धेची गोष्ट आम्ही मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. बकरी ईद 22 ऑगस्टला झाली. दुसऱ्या दिवशी पालेमबांगला दत्तूची एकट्याची शर्यत होती. अंगात ताप होता, मध्येच ताकद संपली आणि तो सर्वांत शेवटी, सहावा आला. घरात ईदचे पाहुणे होते, कुर्बानीचं गोश्त वाटणं चालू होतं, कोणीतरी बातमी वाचून दाखवली आणि अब्बा एवढंच म्हणाले, “बिचारा.” 24 तारखेला शुक्रवार होता. सकाळी लवकर चौघांच्या नौकेची अंतिम शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू, चौघेही फौजी. दोन हजार मीटर, 6 मिनिटं 17.13 सेकंद, सुवर्णपदक.

आदल्या दिवशी जो माणूस पाण्यावर कोलमडला होता, त्याला दुसऱ्या दिवशी तीन साथीदारांनी नौकेत बसवून घेतलं, ही गोष्ट आम्हाला पदकाहून मोठी वाटते. चौघांची नौका अशी असते की एकाचा हात मागे पडला तर बाकी तिघांची मेहनत पाण्यात जाते. वल्हं एका क्षणी पाण्यात, एका क्षणी बाहेर. अब्बा जुम्याला निघताना म्हणाले, “सफ बांधल्यासारखं आहे हे. खांद्याला खांदा.” मशिदीबाहेर त्या दिवशी तिघा-चौघांनी अब्बांना दत्तूबद्दल विचारलं. जणू दत्तू आमच्याच घरातला!

दुसरी नोंद त्याआधीची आहे आणि ती सांगताना आमच्याकडे आवाज थोडा खाली येतो.

आमची आपा शाळेत धावायची. शंभर मीटर नाही, लांबचं. शाळेच्या मैदानाला दहा-बारा फेऱ्या मारून तिला दम लागत नसे. आठवीनंतर धावणं थांबलं. कोणी मोठ्यानं मनाई केली नाही, कोणी रागावलं नाही. मोहल्ल्यातल्या बहुतेक मुलींचं त्या वयात थांबायचं, तसं तिचंही थांबलं. 2010 च्या 8 ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांची दहा हजार मीटरची शर्यत चालू होती. पंचवीस फेऱ्या. टीव्हीसमोर आपा बसली होती. तोवर तिचं लग्न झालेलं होतं आणि मांडीवर वर्षाची लेक होती. आम्ही बाकीचे मध्येच उठत होतो, चहा घेत होतो. ती एकदाही उठली नाही. कविता राऊत तिसरी आली, 33 मिनिटं 5.28 सेकंदांत. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुरुष आणि महिला मिळून बघितलं तरी 1958 च्या मिल्खा सिंग यांच्यानंतर धावपट्टीवरचं ते पहिलंच पदक.

कविता हरसूल भागातल्या सावरपाड्याची, म्हणून ‘सावरपाडा एक्सप्रेस’. आदिवासी पाडा, पाणी लांबून आणायचं, सुरुवातीचं धावणं अनवाणी. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिला घडवलं. दिल्लीनंतर सहा आठवड्यांनी, बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते तेव्हा, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं. प्रीजा श्रीधरन पहिली, कविता दुसरी, दोघींत एका सेकंदाहूनही कमी अंतर. पाच हजार मीटरमध्येही कांस्य मिळालं. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला ती मॅरेथॉन जिंकली. आपाला हे सगळं तोंडपाठ आहे. वेळा सेकंदांसकट.

त्या संध्याकाळी शर्यत संपल्यावर ती फक्त म्हणाली, “शेवटच्या फेरीला तिनं हात सैल सोडले होते, बघितलं का?” आम्ही कोणी ते बघितलं नव्हतं.

बाकीचे क्षण भरभर सांगता येतील. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर नाशिकसाठी लढून महाराष्ट्र केसरी झाला, तेही जिल्ह्याला पहिल्यांदाच. मूळचा अकोले तालुक्यातला, पण भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडलेला. अंतिम लढतीत समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघेही पुण्यात काका पवारांच्या एकाच तालमीतले, एकाच ताटात जेवणारे. 3-2 नं कुस्ती सुटली आणि हर्षवर्धननं हरलेल्या दोस्ताला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतात हे आपण रोज बघतो. चांदीची गदा मिळवणाऱ्यानं हरणाऱ्याला उचललेलं आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चुलतभाऊ ते छायाचित्र कितीतरी दिवस मोबाइलवर लावून हिंडत होता.

2024 च्या 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं. तो कोल्हापूरचा, पण नेमबाजीचे पहिले धडे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. कोल्हापूरकरांनी हत्ती-घोडे काढले तर काढोत, थोडा वाटा आमचाही.

आणि विदित गुजराथी. बुद्धिबळ आमच्या घरात कोणाला नीट येत नव्हतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारताचा कर्णधार नाशिकचा मुलगा आहे असं कळलं आणि पुतण्यानं पट मागवला. अंतिम फेरीत इंटरनेटच दगा देऊन गेलं, भारत आणि रशिया दोघांना सुवर्ण दिलं गेलं. पण आमच्या आठवणीतली रात्र वेगळी आहे. 2024 च्या रमजानमध्ये कँडिडेट्स स्पर्धा टोरोंटोला होती. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. 5 एप्रिलला अलविदा जुमा होता. त्या रात्री बारा वाजता विदित आणि हिकारू नाकामुरा यांचा डाव सुरू झाला. तरावीह होऊन गेली होती, सहरीला तीन-चार तास होते, पुतण्या मोबाइल मोरीच्या भिंतीला टेकवून चाली सांगत होता आणि अम्मी पीठ मळत होती. काळ्या मोहऱ्यांनी खेळत एकोणतीस चालींत विदितनं नाकामुराला हरवलं. अम्मीनं विचारलं, “राजा मारला का?” पुतण्या म्हणाला, “नाही, त्यानंच हार मानली.” अम्मी म्हणाली, “मग अर्धी भाकरी जास्त घे.” विदित त्या स्पर्धेत सहावा आला, पण सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला भारताच्या संघानं ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं. गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, हरिकृष्ण आणि आमचा विदित. बावीसपैकी एकवीस गुण.

एवढं सगळं सांगितलं, पण यातल्या एकाही नावाच्या पुढे जुन्या नाशकातली गल्ली नाही. भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई, पिंजारघाट, इथल्या मुलांनी टाळ्या खूप वाजवल्या. फल्लाह, शेख, काझी यांची नावं धावफलकावर दिसली की जीव सुखावतो, पण ते दुसऱ्या गावांतून आलेले. आमच्या गल्ल्यांत जागा नाही. सायकल वळवताना भिंतीला हँडल लागतं, तिथं कोण काय खेळणार? मैदान आहे ते गोल्फ क्लबचं, आणि तिथं पोचायला पहाटे उठून शालिमार ओलांडावं लागतं.

आपाची तीच लेक आता रोज ओलांडते. फजरची नमाज झाली की आपा तिला स्कूटरवर मागे बसवते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. सुरुवातीला दादीला पटलं नव्हतं. मुलीच्या जातीनं सगळ्यांसमोर धावायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. मग एकदा अब्बांनी तिला हदीस ऐकवली, प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (र.) यांनी सफरीत शर्यत लावली होती आणि पहिल्या खेपेला हजरत आयशा पुढे गेल्या होत्या ती. अबू दाऊदच्या संग्रहात आहे. दादी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “ते एकांतात असेल.” तिचं म्हणणं अजून तेच आहे. पण भाची परत येते तेव्हा भिजवलेले बदाम सोलून ठेवलेले असतात, आणि ते अम्मी ठेवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मैदानाच्या कडेनं चालण्या-धावण्याची वाट आहे. सकाळी तिथं निवृत्त साहेब असतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बायका असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यांतली मुलं असतात. सावरपाड्याच्या बाजूनं आलेल्या मुलीही असतात, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या मागे भाची धावते. पहिल्या महिन्यात एका फेरीत मागे पडायची, आता तीन फेऱ्या टिकते. त्या मुलींपैकी एकीनं तिला खांदे खाली ठेवायला शिकवलं. आपा ईदगाहच्या भिंतीपाशी स्कूटर लावून उभी असते आणि घड्याळ बघते. आम्ही कधी बरोबर गेलो तर आमच्याशी बोलत नाही. फक्त लेक समोरून गेली की म्हणते, “हात. हात सैल.”

डिसेंबरात शहरात पाच किलोमीटरची एक शर्यत आहे, तिचं नाव नोंदवलं आहे. बूट घ्यायचे आहेत. आपा म्हणते एक नंबर मोठे घेऊ, पाय वाढतोय. भाची म्हणते नको, मोठ्या बुटांत पाय घसरतो. रविवारी मेन रोडला जाऊन काय ते ठरेल.